टच-अँड-गो : रिकाम्या विमानातले ते वीस सेकंद

प्रश्न कळव्याच्या एका मुलीचा आहे. ती लिहिते : "सर, माझं सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालं, एअरबस ए-३२० चं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याची पात्रता, सिम्युलेटरवर संपत आलंय. आता बेस ट्रेनिंग, म्हणजे खऱ्या विमानावर टच-अँड-गो, चाकं टेकवायची आणि न थांबता पुन्हा उडायचं. छोट्या सेस्नावर मी ते भरपूर केलेत. पण सिम्युलेटर इतका चांगला असताना एवढ्या मोठ्या विमानावर ते करायचंच कशाला? आणि त्यात नेमकं चुकतं कुठे? बाबा टीएमटीत ड्रायव्हर होते, ते धास्तावलेत. त्यांचा प्रश्न वेगळाच आहे, की आता दारात नवी मुंबईचं विमानतळ झालंय, तर हे शिकवणं तिथेच का नाही करत?"

मी बरीच वर्षं एअरलाइनमध्ये प्रशिक्षक कॅप्टन होतो, आधी बोइंग ७३७ वर, मग ए-३२० वर. आता निवृत्त आहे, कोपरखैरण्याला राहतो. तुझ्या मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातच आहेत.

लँडिंगमध्ये चुका होतात त्या तुला सेस्नापासून ओळखीच्या आहेत. फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक थोडं वर घेणं, उंचावर झाला, उशिरा झाला, विमान तरंगत राहिलं, मधल्या रेषेवरून सरकलं. त्या सुधारता येतात आणि सुधारण्यासाठीच तू जाते आहेस. टच-अँड-गोमधली खरी अवघड जागा म्हणजे चाकं टेकल्यापासून ती पुन्हा उचलेपर्यंतचे वीसेक सेकंद. चाकं टेकतात तेव्हा ते उतरणारं विमान असतं. वीस सेकंदांनी तेच विमान उडणारं झालेलं असायला हवं. पंखांचे फ्लॅप वेगळे, नाकाचा तोल राखणारा ट्रिम वेगळा, पंखांवरचे हवा अडवणारे स्पॉइलर आत, इंजिनांची ताकद पूर्ण. आणि हा बदल उभ्या विमानात, शांतपणे चेकलिस्ट वाचून होत नाही. सेकंदाला साठेक मीटर रनवे मागे टाकत असताना होतो. वीस सेकंदांत हजार-बाराशे मीटर गेले असं धर.

सेस्नावर हे सगळं तू एकटी करत होतीस. फ्लॅप वर, कार्ब्युरेटर हीट बंद, थ्रॉटल पुढे, झालं. थ्रॉटल ढकलला की पिस्टन इंजिन लगेच ओरडतं. इथे तसं नाही, इथे दोन माणसं एकच विमान वाटून घेतात. तू उजव्या सीटवर. तुझं काम एकच, नाक अलगद टेकवायचं आणि विमान मधल्या रेषेवर सरळ ठेवायचं. बाकी सगळं प्रशिक्षकाचं. फ्लॅप तो बदलतो, ट्रिम तो बघतो, स्पॉइलर आत आहेत याची खात्री तो करतो. मग तो सांगतो की इंजिनांच्या ताकदीचे लिव्हर उभे कर. तू थ्रस्ट लिव्हर थोडे पुढे आणून साधारण उभे करतेस आणि तिथेच थांबतेस. दोन्ही इंजिनं सारखी स्थिर झाली की तो म्हणतो, "गो". तेव्हा तू पूर्ण ताकद देतेस. "रोटेट" तोच म्हणतो आणि तू नाक उचलतेस.

लिव्हर उभे करून थांबायचं का, हे नीट समजून घे, कारण घाईत पहिल्यांदा हीच पायरी गाळली जाते. जेट इंजिन आयडलवर, म्हणजे किमान ताकदीवर, असताना झोपेत असतं. त्याला जागं व्हायला काही सेकंद लागतात आणि दोन इंजिनं एकाच वेळी जागी होतीलच असं नाही. आयडलवरून एकदम पूर्ण ताकद दिलीस आणि डावं आधी जागं झालं, तर नाक जोरात उजवीकडे वळतं. तेही विमान हलकं आणि वेग धड कमी नाही धड जास्त नाही, अशा वेळी. म्हणून आधी दोघांना सारखं जागं करायचं, मगच ताकद मागायची.

ट्रिमचं महत्त्व मला ७३७ ने शिकवलं. उतरताना वेग कमी असतो, त्यामुळे ट्रिम नाक वरच्या बाजूला गेलेला असतो. तो तसाच राहिला आणि वरून पूर्ण ताकद दिली, तर पंखाखालची इंजिनं नाक आणखी वर ढकलतात. पायलटने ओढायच्या आधीच विमान नाक उचलू लागतं आणि मागे शेपूट रनवेला घासायची भीती. म्हणून टेकल्या टेकल्या माझा अंगठा ट्रिमच्या स्विचवर असायचा. गुडघ्याजवळचं ते काळं-पांढरं चाक खडखडत पुढे फिरायचं आणि काटा टेकऑफच्या हिरव्या पट्ट्यात आला की मगच मी तोंड उघडायचो. ए-३२० वर ट्रिम जमिनीवर आपोआप परत येतो. पण आपोआप येतो म्हणून बघायचं नाही, असं नाही. प्रशिक्षक तो डोळ्यांनी बघतो. तूही बघायला शीक, उद्या त्याच्या जागी तू असशील.

आता एक प्रसंग सांगतो. जानेवारीतली पहाट, नागपूर. धुकं नुकतंच हटलं होतं. रिकामं ७३७, मागे आणखी तीन मुलं आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेली. माझ्या शेजारचा मुलगा हुशार होता. सिम्युलेटरवर त्याची लँडिंग सुरेख व्हायची. पहिलं टच-अँड-गो छान झालं. दुसऱ्या वेळी चाकं त्याहून अलगद टेकली. मला आनंद झाला आणि त्या आनंदात मी पाव सेकंद उशीर केला. त्याच्या डाव्या हाताची बोटं थ्रस्ट लिव्हरच्या पुढच्या बाजूला गेली आणि त्याने रिव्हर्सचे, म्हणजे इंजिनांचा जोर उलटा वळवून विमान थांबवायचे, छोटे लिव्हर वर उचलले.

त्याने ठरवून काही केलं नव्हतं. सिम्युलेटरवर त्याने जेवढी लँडिंग केली होती, ती जवळपास सगळी पूर्ण थांबण्याची होती. चाकं टेकली की रिव्हर्स, हे त्याच्या बोटांनी पाठ केलं होतं. डोक्याला टच-अँड-गो माहीत होतं, बोटांना नव्हतं. समोर रिव्हर्सची पिवळी अक्षरं आली. त्याचं त्याला कळलं आणि तो घाईने लिव्हर परत खाली दाबायला लागला. मी त्याच्या हातावर माझा तळवा ठेवला आणि म्हटलं, "फुल स्टॉप. आय हॅव कंट्रोल." रनवे भरपूर होता, आम्ही आरामात थांबलो, बाहेर वळलो. ब्रेक थंड होईपर्यंत एका बाजूला उभे होतो. त्या वेळात तो एक शब्द बोलला नाही. मी त्याला सांगितलं की चूक माझी, माझा हात आधीपासून तिथे असायला हवा होता. ते मी त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून पुढे प्रत्येक टच-अँड-गोला माझा तळवा विद्यार्थ्याच्या बोटांच्या पुढ्यात असायचा आणि ब्रीफिंगमध्ये मी त्याला ते आधीच सांगायचो, म्हणजे हात लागला तर दचकायला नको.

एकदा रिव्हर्स घेतला की थांबायचंच, पुन्हा उडायचं नाही. या नियमामागे जीव गेलेले आहेत. ११ फेब्रुवारी १९७८ ला कॅनडात क्रॅनब्रुक इथे एक बोइंग ७३७ उतरलं, रिव्हर्स घेतला आणि समोर रनवेवर बर्फ काढणारी गाडी दिसली. पायलटनी पुन्हा उडायचा निर्णय घेतला. गाडी चुकली, विमान उचललं, पण एका इंजिनाचा रिव्हर्स नीट बंद झालेला नव्हता. हवेत तो पुन्हा उघडला आणि विमान कोसळलं. चाळीसहून जास्त माणसं गेली. त्या पायलटांना रनवेवर अडथळा दिसत होता, त्यांची कोंडी समजते. ट्रेनिंगला आपल्यापुढे अशी कुठलीच सक्ती नसते. म्हणून तिथे तर हा नियम मोडायला काही कारणच नाही.

याच्या उलट बाजूचा अपघात आपल्या लोकांच्या जास्त लक्षात आहे, कारण विमान तिरुवनंतपुरमहून निघालेलं होतं. ३ ऑगस्ट २०१६, दुबई, एमिरेट्सचं बोइंग ७७७. चाकं रनवेला टेकली, मग पायलटने गो-अराउंड, म्हणजे न थांबता पुन्हा वर जायचं, ठरवलं, त्याचं बटण दाबलं, नाक उचललं, चाकं आत घेतली. पण विमान टेकल्यानंतर ते बटण थ्रस्ट वाढवतच नाही, तशीच त्याची रचना आहे. लिव्हर आयडलवरच राहिले. ते हाताने पुढे ढकलायला हवे होते, ते लक्षात येईपर्यंत विमान पुन्हा खाली बसलं, या वेळी पोटावर. आतली तीनशेच्या तीनशे माणसं बाहेर पडली. आग विझवणारा एक जवान मात्र गेला. मी हे विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचो, कारण टेकून पुन्हा उडणं हे पॅसेंजर घेऊन जातानाही कधी तरी वाट्याला येऊ शकतं. त्या क्षणी हाताखाली लिव्हर हलतायत का, इंजिनांचे आकडे वाढतायत का, हे बघण्याची सवय लागायला हवी. टच-अँड-गोमध्ये ती लागते. माझ्या मते फ्लेअरखालोखाल त्याचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

आता, सिम्युलेटर असताना हे कशाला? आधी उलट बाजू सांगतो, म्हणजे बाबांना धीर येईल. एके काळी सगळंच खऱ्या विमानावर शिकवत. इंजिन बंद पडल्याचा सरावसुद्धा. प्रशिक्षक टेकऑफला एक लिव्हर मागे ओढायचा आणि विद्यार्थ्याने विमान सांभाळायचं. त्यात फार माणसं गेली. ३० मार्च १९६७ ला अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सजवळ डेल्टाचं डीसी-८ दोन इंजिनं बंद असल्याचा सराव करताना घरांवर आणि एका मोटेलवर पडलं. विमानातले सहा आणि जमिनीवरचे तेरा गेले.

आपल्याकडचा ८ मार्च १९९४ चा दिल्लीचा अपघात माझ्या पिढीतला कुणी पायलट विसरलेला नाही. सहारा इंडियाचं बोइंग ७३७, पालमवर ट्रेनिंगचं उड्डाण. एक प्रशिक्षक, तीन शिकणारे. पाच सर्किट, म्हणजे उडून, वळून पुन्हा उतरण्याच्या फेऱ्या, व्यवस्थित झाली. सहाव्यात टच-अँड-गो करून उचलल्यावर इंजिन बंद पडल्याचा सराव दिला गेला, आणि शिकणाऱ्याने रडर, म्हणजे पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू, उलट्या बाजूला दिलं. विमान डावीकडे वळून आंतरराष्ट्रीय टर्मिनलच्या एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, उभ्या असलेल्या एरोफ्लोटच्या इल्युशिन-८६ जवळ कोसळलं. विमानातले चौघे आणि जमिनीवरचे पाच, एकूण नऊ जणांचा जीव गेला. चौकशीत आलं की प्रशिक्षकाने आपले पाय रडरवर अडवून धरले नव्हते आणि स्पष्ट आदेश दिले नव्हते. मी प्रशिक्षक झालो तेव्हा ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

आज इंजिन बंद पडणं, आग, बिघाड, हे सगळं सिम्युलेटरवर होतं. तिथे उलटा रडर दिला तर पडदा लाल होतो, पुन्हा सुरुवात करता येते. अमेरिकेच्या एफएएने १९८० मध्येच चांगल्या सिम्युलेटरवर जास्तीत जास्त प्रशिक्षण हलवायची योजना आणली आणि जग त्या वाटेने गेलं. अनुभवी पायलट एका जेटवरून दुसऱ्या जेटवर जाताना कित्येकदा खऱ्या विमानावर सराव न करताच थेट पॅसेंजर असलेल्या विमानात, प्रशिक्षकाशेजारी बसून सुरुवात करतो. ते योग्यच आहे. तू ज्या टच-अँड-गोला चालली आहेस, त्यात दोन्ही इंजिनं चालू राहणार. कोणीही तुला मुद्दाम अडचणीत टाकणार नाही. हवामान चांगलं निवडलेलं असेल. हे बाबांना नक्की सांग.

मग तुझ्यासारख्या नव्या मुलीला खरं विमान का हवं? कारण तू आजवर जे सगळ्यात जड विमान उडवलंस ते टनभराचं आहे. सिम्युलेटर तुला बटणं, क्रम, आकडे, आवाज सगळं देतो. पण पन्नास टन तुझ्या हातात आहेत ही जाणीव तो देत नाही. शेवटच्या पन्नास फुटांत जमीन दोन्ही बाजूंनी कशी वर येते, ते डोळ्यांच्या कडांना कळावं लागतं. सीटखालून जे कळतं, म्हणजे विमान बसतंय, तरंगतंय, हवेचा एखादा हिसका आला, ते सिम्युलेटरचे पाय हलवून जेमतेम निम्मं देता येतं. माझ्या अनुभवात सिम्युलेटरवर उत्तम असलेली मुलं खऱ्या विमानावर पहिल्या लँडिंगला जवळजवळ ठरावीक चूक करतात. जमीन अंगावर येते आहे असं वाटून फ्लेअर लवकर करतात, विमान रनवेवर तरंगत राहतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी डोळे बसतात. चौथ्या वेळी चेहऱ्यावर दिसतं की आता कळलं. मी ते शेकडो वेळा शेजारच्या सीटवरून बघितलंय, आणि या नोकरीतलं मला सगळ्यात जास्त आवडलेलं दृश्य तेच आहे.

बाबांना एक गोष्ट तुझ्यापेक्षा लवकर कळेल. रिकामी बस आणि गर्दीची बस सारखी चालत नाही. डेपोतून सकाळी पहिली गाडी काढताना ती कशी उड्या मारते, ब्रेकला कशी चटकन बसते, हे त्यांना विचार. विमानाचंही तेच. भरलेलं ए-३२० सत्तर-पंचाहत्तर टनांचं असतं, तुला मिळेल ते पन्नासच्या आसपास. ते उतरताना लवकर बसत नाही, वाऱ्याने लवकर हलतं. आणि पुन्हा उडताना पूर्ण ताकदीवर ते ज्या जोराने वर जातं, त्याची नव्या माणसाला कल्पना नसते. सर्किटची पंधराशे फूट उंची अर्ध्या मिनिटात येते. तेवढ्यात थ्रस्ट कमी करायचा, नाक खाली घ्यायचं, फ्लॅपच्या वेगाची मर्यादा सांभाळायची, वळायचं. टेकऑफ झाला म्हणून सुटकेचा श्वास घेतला की सतराशे फूट झालेच. आपल्याला किती उंचीवर काय करायचंय, हे उचलायच्या आधीच मनात तयार ठेव.

ए-३२० च्या फ्लेअरबद्दल थोडं. या विमानात तू साइडस्टिक, म्हणजे बाजूची नियंत्रणाची छोटी दांडी, सोडलीस तर एरवी नाक आहे तिथेच राहतं. म्हणून पन्नास फुटांखाली संगणक मुद्दाम पद्धत बदलतो आणि तीस फुटांपासून नाक हळूहळू खाली न्यायला लागतो, म्हणजे तुला साध्या विमानासारखं ओढावं लागावं. म्हणून ओढणं थांबवायचं नाही, हलका पण सलग दाब ठेवायचा. एकदाच मोठं ओढून सोडून दिलं की विमान आधी तरंगतं आणि मग धपकन बसतं. ए-३२१ वर तर जास्त सांभाळायला हवं. ते लांब आहे, नाक दहा अंशांच्या आतच शेपूट घासायला पुरेसं होतं.

आणि एक प्रशिक्षकाच्या बाजूचं, तुला माहीत असावं म्हणून. बोइंगचे दोन्ही स्टीअरिंग एकमेकांना जोडलेले असतात. तू काय करतेस ते माझ्या हाताला कळतं. एअरबसच्या साइडस्टिक जोडलेल्या नाहीत. तुझ्या हातात काय चाललंय ते प्रशिक्षकाला फक्त नाक बघून कळतं. दोघांनी एकाच वेळी हलवलं तर दोघांचं मिळून विमानाला जातं, आणि ते फार वाईट. म्हणून तो "आय हॅव कंट्रोल" म्हणाला की त्या क्षणी साइडस्टिक सोड. अर्धवट धरून मदत करायला जाऊ नकोस. चांगले विद्यार्थीच हे करतात, कारण त्यांना आपली चूक आपणच सावरायची असते.

एक गोष्ट तुला कुणी कदाचित सांगणार नाही, कारण ती शिकणाऱ्याची जबाबदारी मानली जात नाही. मी सांगतो. २८ फेब्रुवारी २०१८ ला एस्टोनियात टाल्लिनला एक ए-३२० असंच टच-अँड-गोच्या सरावाला उडत होतं. उड्डाणाच्या संगणकाचा बिघाडाचा इशारा वारंवार येत होता आणि प्रत्येक वेळी तो रीसेट करून सराव पुढे चालू राहिला. शेवटी एका टच-अँड-गोच्या टेकऑफला साइडस्टिकने नाक वर-खाली करायचं नियंत्रणच गेलं. विमान आदळलं, इंजिनं रनवेला घासली, मग ट्रिमच्या चाकावर कसंबसं सांभाळत ते परत आणलं. सगळे वाचले, हे त्या पायलटांचं कौशल्य. पण टच-अँड-गोमध्ये एक लय लागते, एकामागून एक सर्किट होत जातात, आणि त्या लयीत इशाऱ्याकडे अडथळा म्हणून बघितलं जातं. तुला स्क्रीनवर तोच इशारा दुसऱ्यांदा दिसला, तर तू बोल. "सर, हे पुन्हा आलं." एवढंच म्हण. प्रशिक्षकाला तुझ्या त्या वाक्याचा राग येणार नाही. आला, तर त्याने विमानातून उतरल्यावर स्वतःशी विचार करावा.

आता नवी मुंबई. बाबांचा प्रश्न योग्य आहे. रनवे ३७०० मीटरचा आहे, टच-अँड-गोला हवी तेवढी लांबी. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. ते सुरू होण्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये हवाई दलाचं सी-२९५ तिथे उतरलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये एक ए-३२० चाचणीला उतरलं. उलव्यात आणि पनवेलला गच्च्यांवर माणसं बघायला उभी होती. पण ते वेगळं काम होतं, ते रनवे तपासायला आले होते.

सरावाला लागतो तो रिकामा रनवे. एक विमान सहा-आठ मिनिटांनी पुन्हा पुन्हा फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ रेषेत, येणार आणि मधल्या वेळात दुसरं कुणी उतरणार किंवा उडणार नाही. प्रवासी विमानतळाला ते परवडत नाही. मुंबईच्या जुन्या विमानतळावर तर प्रश्नच नाही. माझ्या गॅलरीसमोरून खाडीवर साधारण दोन हजार फुटांवर विमानं २७ रनवेकडे निघालेली दिसतात, एक डोळ्याआड होत नाही तोच दुसरं येतं. शिवाय वर्दळीत सराव मिसळण्याचा धोका फार पूर्वी कळून चुकलाय. ३० मे १९७२ ला टेक्सासात फोर्ट वर्थजवळ एक डीसी-१० टच-अँड-गो करत होतं. त्याच्या मागोमाग डेल्टाचं डीसी-९, तेही ट्रेनिंगचं, उतरायला आलं आणि पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात उलटलं. चौघेही गेले. मोठ्या विमानामागे किती अंतर ठेवायचं, याचे नियम त्या अपघातानंतर घट्ट झाले.

आपल्या इथे आणखी एक गोष्ट आहे, ती नेरूळ-सीवूड्सच्या लोकांना सांगायला नको. पाणथळ जागा, खारफुटी, हिवाळ्यात फ्लेमिंगो. एका विमानाचं एक लँडिंग म्हणजे पक्ष्यांच्या उंचीवरून एकदा जाणं. दहा सर्किट म्हणजे ते वीसदा. तासनतास पंधराशे फुटांखाली घिरट्या घालायला ही जागा मी निवडणार नाही, रनवे रात्री रिकामा मिळाला तरी. रात्री तर उलवे-पनवेलच्या लोकांची झोप हाही विचार आहेच.

जपानने याचं उत्तर फार नेटकं काढलं होतं. ओकिनावाच्या बाजूला मियाको बेटांजवळ शिमोजिशिमा नावाच्या छोट्या बेटावर त्यांनी खास पायलटांच्या सरावासाठी ३००० मीटरचा रनवे बांधला, १९७९ मध्ये. निळ्या समुद्रावरून जम्बो जेट येऊन टेकायचे आणि पुन्हा उठायचे, दिवसभर. जपान एअरलाइन्सने तर अमेरिकेतल्या मोझेस लेक इथे कित्येक वर्षं असाच सराव केला. सिम्युलेटर सुधारत गेले तशी ती वर्दळ ओसरली. आपल्याकडे एअरलाइन्स कमी वर्दळीचं, लांब रनवेचं विमानतळ बघतात आणि तिथल्या रिकाम्या वेळा मागून घेतात. तुला कुठे पाठवतात ते वेळापत्रक आल्यावर कळेल. बाबांना घेऊन जाता येणार नाही. या उड्डाणात पॅसेंजर नसतात, घरचेसुद्धा नाहीत.

जाण्याआधीचा आठवडा कसा घालवायचा, ते सांगतो. घरी खुर्चीवर बस. उजव्या हाताला साइडस्टिक समज, डाव्या हाताखाली थ्रस्ट लिव्हर म्हणून दोन चमचे वहीत उभे खोचून ठेव, काहीही चालेल. डोळे मिटून मोठ्याने बोल. "टेकलं. नाक खाली. मधली रेषा." मग थांब. हात लिव्हरवर, बोटं मागे, रिव्हर्सकडे नाहीत. प्रशिक्षकाचं वाक्य बाबांना म्हणायला सांग. त्यांनी "उभे कर" म्हटलं की लिव्हर थोडे पुढे, आणि पुन्हा थांब. दोन्ही इंजिनं सारखी. त्यांनी "गो" म्हटलं की पूर्ण पुढे. आणि चार-पाच वेळा झाल्यावर त्यांना मध्येच, न सांगता, "स्टॉप" म्हणायला सांग. तेव्हा तुझे हात काय करतात ते बघ. दिवसातून वीस वेळा. त्या वीस सेकंदांत सगळ्यात अवघड काम आहे ते काही न करता मधली रेषा धरून थांबण्याचं, आणि ते बोटांनाच शिकवावं लागतं.

आदल्या रात्री जेवण साधं, झोप पूर्ण. तिथे मागच्या सीटवर बसून इतरांची सर्किट बघशील तेव्हा फोन बाजूला ठेव आणि प्रत्येक वेळी फ्लेअर कुठे सुरू झाला ते रनवेच्या खुणांवरून मनात नोंदव. आपली पाळी येईपर्यंत डोळे निम्मे तयार होतात.

तुझी शेवटची फेरी टच-अँड-गो नसेल, ती पूर्ण थांबण्याची असेल. तोवर पाच-सहा वेळा रिव्हर्सपासून हात लांब ठेवून ठेवून बोटांना त्याची सवय झाली असेल. प्रशिक्षक सांगेलच, पण डाउनविंडवर, म्हणजे रनवेला समांतर उलट्या दिशेने जाताना, तूही स्वतःशी एकदा मोठ्याने म्हण की हे फुल स्टॉप आहे, स्पॉइलर आर्म (आपोआप उघडायला तयार) केलेत का ते बघ, आणि चाकं टेकली की या वेळी रिव्हर्स ओढायला विसरू नकोस.